रेषांच्या पेंढ्या

वाहतुकीच्या रेषांनी नकाशा गिचमिड झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: माहिती कमी करा, कमी फेऱ्यांचे मार्ग गाळा. मला तो मुळीच पटत नाही. कमी फेऱ्यांचे म्हणून सातपुड्यातले मार्ग गाळले, तर एसटीशिवाय ज्यांना दुसरं साधन नाही तीच माणसं नकाशावरून पुसली जातात.

पण अडचण खरी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आगारांतून सुटणारी प्रत्येक एसटी आणि रावेर-सावद्याहून उत्तरेकडे निघणारा केळीचा प्रत्येक ट्रक सरळ रेषेने आपल्या मुक्कामाशी जोडून बघा. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा या दोन मोठ्या वाटांची फुलीच धुळ्यावर पडते, त्यामुळे तिथे नुसता काळा डाग उरतो.

यावरचा उपाय म्हणजे रेषा न गाळता, कडब्याची पेंढी बांधावी तशा त्या एकत्र बांधायच्या. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने फ्रान्सच्या 1864 च्या सागरी वाइन-निर्यातीच्या नकाशात हे हाताने केलं होतं. निर्यातीचे जाड पट्टे मावावेत म्हणून तो किनारेसुद्धा बिनदिक्कत सरकवायचा! हेच काम संगणकाकडून करून घेण्याची एक सुंदर रीत डॅनी होल्टेन आणि यार्के फान वाइक यांनी 2009 मध्ये मांडली.

प्रत्येक रेषा म्हणजे एक स्प्रिंग धरायची. तिची टोकं गावांना पक्की, मध्ये एक मोकळा बिंदू. हा बिंदू शेजारच्या रेषेवरच्या आपल्या जोडीदार बिंदूकडे ओढला जातो. अंतर जितकं कमी, तितकी ओढ जास्त. त्याच वेळी स्वतःची स्प्रिंग त्याला सरळ राहायला भाग पाडते. ही ओढाताण ठरावीक वेळा होऊ द्यायची. मग बिंदू दुप्पट करायचे, सरकण्याचं पाऊल निम्मं करायचं आणि पुन्हा सुरुवात. आधी रेषा ढोबळ वाकते, नंतर हळूहळू गुळगुळीत होते.

पण कोणीही कोणालाही ओढू लागलं तर सगळ्याचा एकच गोळा होईल. म्हणून रेषांच्या प्रत्येक जोडीला चार कसोट्यांवर 0 ते 1 गुण मिळतात: दिशा, लांबी, जवळीक आणि समोरासमोर असणं. चारही गुणांचा गुणाकार म्हणजे त्या जोडीतल्या ओढीचं प्रमाण. भुसावळ-सुरत आणि जळगाव-सुरत यांच्यात कोन जेमतेम एक-दोन अंशांचा, लांबीही जवळपास सारखी. त्या लगेच बिलगतात. धुळे-इंदूर रेषा जळगाव-सुरतला छेदते खरी, पण साठ-पासष्ट अंशांत. दिशेचा गुण म्हणजे कोनाचा कोसाइन (समांतर रेषांना 1, काटकोनात 0), तो इथे निम्म्याच्याही खाली येतो. जळगाव-एरंडोलची दिशा जळगाव-सुरतशी बऱ्यापैकी जुळते, पण लांबीत मार खाते. गुणाकार असल्यामुळे एक गुण शून्याजवळ गेला की बाकीचे तीन कितीही चांगले असले तरी उपयोग नाही, आणि मला या पद्धतीत सगळ्यात आवडतं ते हेच. गणित मात्र भारी पडतं: 1000 रेषांच्या जोड्या होतात 4,99,500, आणि प्रत्येक जोडीत बिंदूगणिक हिशेब.

आता धोका. पेंढी म्हणजे रस्ता नव्हे. खानदेशातून इंदूरकडे जाणाऱ्या रेषांची पेंढी चोपडा-यावलच्या डोंगरांवरून सरळ गेलेली दिसेल. धुळ्याकडून जाणाऱ्या गाड्या मात्र शिरपूर ओलांडून बिजासन घाटाने चढतात. नकाशावरच्या ठसठशीत रेषेवर आपला विश्वास फार पटकन बसतो. केदारनाथ ते रामेश्वरम शिवमंदिरं एकाच रेखांशावर असल्याचा नकाशा मोबाइलवर फिरतो, तो याच विश्वासावर. केदारनाथ आणि त्याच रेषेवर दाखवलेलं आंध्रातलं श्रीकालहस्ती यांच्या रेखांशात अर्ध्या अंशाहून जास्त फरक आहे, म्हणजे साठ किलोमीटरहून अधिक. तो फरक त्या जाड रेषेखाली झाकला जातो, आणि चमत्कार तयार होतो.

शिवाय पेंढीत शिरलेली रेषा नेमकी कुठे बाहेर पडली, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून पडद्यावरच्या नकाशात दोन सोयी मी आवश्यकच मानतो. एक, गावावर बोट ठेवलं की फक्त तिथल्या रेषा उजळाव्यात. दोन, पेंढी सैल करत पुन्हा मूळ सरळ रेषांपर्यंत नेणारी सरकपट्टी असावी. छापील नकाशात यातलं काहीच शक्य नाही. तिथे रेषा प्रत्यक्ष रस्त्यावरूनच न्याव्यात आणि फेऱ्यांची संख्या जाडीने दाखवावी.