दांड्या नसलेलं वाफेचं इंजिन

परवा फॅमिली ग्रुपवर वंदे भारतच्या व्हिडिओखाली एका काकांनी लिहिलं, "आमच्या वेळी कोळशाचं इंजिन, सायकलवाला पुढे निघून जायचा." मला राहवेना. अहो काका, ११ मे १९३६ ला जर्मनीत हॅम्बुर्ग-बर्लिन लाइनवर ०५ ००२ नंबरच्या वाफेच्या इंजिनानं ताशी २००.४ किमी गाठले होते! चाकं २.३ मीटर व्यासाची, आपल्या घराच्या दारापेक्षा उंच.

एवढी मोठी कशाला? तर मध्ये गिअर नसतो, पिस्टन एकदा पुढे-मागे झाला की चाकाचा एक फेरा. चाक लहान केलं तर त्याच स्पीडला पिस्टनची धावाधाव वाढते आणि खरी भानगड तिथेच आहे. पिस्टन आणि त्याचे रॉड म्हणजे जड लोखंड, ते आडवं पुढे-मागे आदळत असतं, म्हणून त्याचा धक्का कमी करायला चाकात विरुद्ध बाजूला वजन बसवतात. आडवा धक्का बराचसा जातो, पण वजन तर गोल फिरतंय ना, ते वर-खालीही जोर लावणार आणि तिकडे त्याला अडवायला कोणीच नाही. दर फेऱ्याला रुळावर हातोडा. फेरे दुप्पट झाले की हातोडा चौपट.

१९४१ मध्ये हेन्शेल कंपनीनं १९ १००१ हे प्रयोगाचं इंजिन बनवलं, त्यात बाहेरच्या लांब दांड्याच काढून टाकल्या. चारही चालत्या अ‍ॅक्सलना प्रत्येकी एक छोटं व्ही आकाराचं वाफेचं इंजिन, मोटरसायकलच्या व्ही-ट्विनसारखं. चाक फक्त १.२५ मीटर, तरी ताशी १७५ किमीसाठी बनवलेलं, म्हणजे मिनिटाला साधारण ७४० फेरे! (०५ चे २०० च्या स्पीडला ४६० च्या आसपास.)

मग हातोडा कुठे गेला? इथेच मी फिदा आहे. दोन सिलिंडर ९० अंशात, क्रँक (पिस्टनच्या ये-जा करण्याचं गोल फिरणं करणारा भाग) एकच. एका पिस्टनचा धक्का सगळ्यात जास्त असतो तेव्हा दुसऱ्याचा जवळजवळ शून्य, पाव फेऱ्यानंतर बरोबर उलटं. एक कोसाइन, एक साइन, दिशा काटकोनात, बेरीज करा, येतो कायम सारखाच पण गोल फिरणारा जोर. आणि फिरणाऱ्या जोराला समोरचं फिरणारं वजन पूर्ण काटतं, वर-खाली काही उरत नाही. (कनेक्टिंग रॉड तिरका होतो त्यामुळे दुप्पट वेगाची थोडी थरथर उरते, ती सोडा.)

आता लगेच कोणी "पाण्यावर चालणारी कार"वाला फॉरवर्ड टाकू नका. पाणी इंधन नाही, वाफ नुसती हमाल आहे, ओझं कोळशाच्या उष्णतेचं.

हे इंजिन एकच बनलं. ऐन युद्धात जन्म, त्यात बॉम्बहल्ल्यात सापडलं. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानं ते आपल्या देशात नेलं आणि १९५२ मध्ये तिकडेच भंगारात काढलं.