गावातला सीएसआर आणि त्याचा कारभार

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशातून गावात शाळेच्या खोल्या, आरओ प्लांट, सोलर दिवे अशी कामं होतात, ती कोणी ठरवायची, हिशेब कोणाला द्यायचा आणि नंतर सांभाळायची कोणी, हा सगळा विषय म्हणजे गावातल्या सीएसआरचा कारभार. भारतात कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नं 1 एप्रिल 2014 पासून हा खर्च बंधनकारक झाला. आदल्या वर्षी कंपनीची नेट वर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरलेली रक्कम) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी भरलं तरी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान 2 टक्के खर्चावे लागतात.

गंमत अशी की हा पैसा बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतच नाही. कंपनी स्वतः काम करते नाहीतर एखादा ट्रस्ट किंवा संस्था नेमते, मग हिशेब जातो कंपनीच्या बोर्डाकडे, पैसे नीट खर्च झाल्याचं सर्टिफिकेट देतो कंपनीचाच सीएफओ म्हणजे मुख्य वित्त अधिकारी, आणि ग्रामसभेला काही सांगितलंच पाहिजे असं सीएसआरच्या नियमांत कुठं नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कलम 17 नं सोशल ऑडिट, म्हणजे कामाची आणि खर्चाची लोकांनीच करायची तपासणी, ग्रामसभेच्या हातात दिलं होतं, इथं तसलं काही नाही.

म्हणजे भिस्त राहते गावाच्या प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे सभेची चर्चा आणि ठराव लिहायच्या वहीवर. काम ग्रामसभेत चर्चेला आलं का, ठराव झाला का, की सरपंच आणि कंपनीचा माणूस दोघांत बसून ठरलं आणि प्लांट सरपंचाच्याच आळीत गेला? रक्कम आणि ठेकेदाराचं नाव फलकावर लागलं का? (देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र कधी विसरत नाहीत.)

सगळ्यात जास्त घोळ हस्तांतरणात. 2021 च्या दुरुस्तीनंतर सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती संस्थेकडे, बचतगटासारख्या लाभार्थी गटाकडे किंवा सार्वजनिक यंत्रणेकडे द्यावी लागते. पण वीजबिल कोण भरणार, फिल्टर खराब झाला तर पैसे कुठून, हे आधी लिहून घेतलेलं नसलं तर उद्घाटनाला वर्ष व्हायच्या आत प्लांटला कुलूप. आणि स्वतंत्र संस्थेकडून परिणाम तपासणीची सक्ती फक्त वर्षाला सरासरी 10 कोटी किंवा जास्त सीएसआर बंधन असलेल्या कंपन्यांना, तीही 1 कोटी किंवा त्यावरच्या प्रोजेक्टांना, त्यात एका गावाचा प्लांट सहसा बसतच नाही, त्यामुळे कुलूप बघायला कोणी फिरकत नाही.