पौराणिकपट आणि दिग्दर्शक

पुराणकथांवर बेतलेला, देवदेवतांना नायकस्थानी ठेवणारा चित्रपट म्हणजे पौराणिकपट. संतपट ही त्याचीच शाखा. कथा प्रेक्षकाला आधीच पाठ असते. देव पडद्यावर कसा उभा राहावा, चमत्कार कुठे घडावा, हात कधी जोडले जावेत, हे मात्र दिग्दर्शक ठरवतो. या प्रकाराची पहिली घडी दादासाहेब फाळके यांनी बसवली, आणि त्यांची नजर बऱ्याच अंशी बडोद्यात तयार झाली.

मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर फाळके बडोद्याच्या कलाभवनात आले. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत ते चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण शिकले. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना तिथला फोटो स्टुडिओ वापरू दिला. पुढे नाटकांचे पडदे रंगवणे, छपाईचे ब्लॉक तयार करणे, जादूचे प्रयोग करणे अशी कामेही त्यांनी केली. फाळक्यांच्या चरित्रात ही सगळी वर्षे धडपडीची म्हणून दोन ओळींत उरकली जातात, हे योग्य नाही. ट्रिक दृश्यांतला जादूगार आणि दृश्य रचणारा चित्रकार या वर्षांतच घडला.

बडोद्याची दुसरी देणगी राजा रविवर्मा यांची. सयाजीरावांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रे काढून घेतली. त्यांतली काही लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेहसिंह संग्रहालयात आजही पाहता येतात. बडोद्याच्या रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी वाचकाने फाळके समजून घ्यायचे तर आधी तिथे जावे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुरू होतो तो राजा, तारामती आणि रोहिदास यांच्या अशाच चित्रवत मांडणीने. रविवर्म्यांच्या छापील चित्रांतून देवघरात पोचलेले रूप पडद्यावर हलू लागले, तेव्हा ओळख पटायला प्रेक्षकाला क्षणही लागला नसेल.

‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांची हातोटी जवळून दिसते. कृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली. कथेला हात घालण्यापूर्वी कॅमेरा या चिमुरडीच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि तिचे एकेक भाव दाखवतो; मग तीच कृष्ण होते. ही फाळक्यांची मुलगी आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक पुढे तिला देव मानतो. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये तर अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. राम दिसताच लोक वहाणा काढून बसत, अशी आठवण सांगतात. नाट्यगृहात टाळी मिळते. इथे नमस्कार मिळाला. पौराणिकपटाच्या स्वीकाराचे हे वेगळेपण पुढेही टिकून राहिले.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात या प्रकाराला वास्तवाची धार दिली. ‘सैरंध्री’ (१९२०) मधला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने आक्षेप घेतला. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) केला, आणि माझ्या मते या प्रकाराचा सर्वांत मोठा बदल हाच. चमत्कार इथेही आहेत, पण लक्षात राहते ती गौरीबाईंनी उभी केलेली, नवऱ्याच्या भक्तीने गांजलेली, चुलीपुढची जिजाई. देवाइतकाच संसार पडद्यावर आला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

पुढे विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ (१९४३) महात्मा गांधींनी पाहिला. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ने व्रताला थिएटरात आणले. रामानंद सागर यांची १९८७-८८ मध्ये प्रसारित झालेली ‘रामायण’ मालिका गुजरातेतल्याच उंबरगावात चित्रित झाली. प्रसारणाच्या वेळी घरोघरी दूरचित्रवाणी संचाला हार घातले गेले, उदबत्त्या लागल्या.