बार्शी लाईट रेल्वे

दक्षिण महाराष्ट्र आणि मराठवाडा यांना जोडणारी, अडीच फूट (७६२ मिमी.) मापाची अरुंदमापी रेल्वे. लंडनमध्ये नोंदवलेल्या एका खासगी कंपनीने ती बांधली आणि १९५४ पर्यंत चालवली. सुरुवातीला, १८९७ साली, ती बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी एवढ्याच सुमारे ३५ किमी. टप्प्यावर धावत होती. पुढच्या तीस वर्षांत तिचे एक टोक लातूरला आणि दुसरे मिरजेला पोचले व एकूण लांबी सुमारे ३२५ किमी. झाली. या भागात तिला नुसते ‘बार्शी लाईट’ म्हणत. रेंगाळणाऱ्या कामालाही थट्टेने हेच नाव मिळे. थट्टा वेगाची होती आणि ती खोटी नव्हती. पण गाडीमागचे अभियांत्रिकी डोके मात्र आपल्या काळाच्या पुढे होते.

बार्शी ही कापसाची आणि धान्याची जुनी पेठ. बालाघाटावरचा, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातला, माल घाट उतरून येथे येई. मुंबई–मद्रास लोहमार्ग मात्र पेठेला बगल देऊन गेला होता. बार्शीच्या नावाचे स्टेशन बार्शीपासून दिवसभराच्या बैलगाडीच्या वाटेवर, अशी ती गंमत होती. ‘बार्शी तिथे सरशी’ म्हणणाऱ्या गावाला हे बोचले असणारच.

ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने हेरली. तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन-निरीक्षक म्हणून भारतात आला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या स्वस्त, अरुंद फाट्यांचे वेड त्याला लागले आणि बार्शीचा प्रस्ताव त्याने १८८७ मध्येच मांडला. नोकरी सांभाळून हे जमेना, तेव्हा १८८९ मध्ये त्याने राजीनामा दिला. सरकारशी करार होऊन कंपनी उभी राहायला १८९५ साल उजाडले. या कंपनीचा सल्लागार अभियंता तो स्वतःच झाला.

कॅलथ्रॉपचा खरा मुद्दा रुळांमधल्या अंतराचा नव्हताच, तो आसावरच्या, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरच्या, भाराचा होता. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, एका आसावर ५ टनांहून जास्त वजन येता कामा नये, हा त्याचा नियम. सगळ्या आसांवर भार सारखा वाटला गेला, की दर वाराला (यार्डाला) ३० पौंडांचे हलके रूळ पुरतात. रूळ हलके, म्हणून पूलही हलके आणि खर्चही हलका. नावातला ‘लाईट’ हा शब्द इथून आला. गाडी मात्र हलकी नव्हती. लीड्सच्या किटसन कंपनीने पहिली पाच इंजिने बांधली, त्यांना आठ जोडलेली चालक चाके आणि मागे चार आधारचाके होती. मालडबे दाबून घडवलेल्या पोलादाचे आणि बोगीवर (डब्याखालच्या वळत्या चाकगाड्यावर) बसवलेले होते. ही सामग्री भारतात येण्यापूर्वी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून तिचे प्रयोग झाले. तिथे रेल्वे-अभियंत्यांना बोलावून अरुंद मापावर किती माल ओढता येतो ते दाखवण्यात आले. बार्शीचा अनुभव कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडातील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेसाठी वापरला. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तीसच वर्षांत बंद पडली. बार्शीची गाडी शंभरी ओलांडून गेली.

पहिला विस्तार देवाच्या दिशेने झाला. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला पोचले आणि आषाढी-कार्तिकीला चालत न जाऊ शकणाऱ्यांची सोय झाली. यात्रेच्या दिवसांत प्रवासी डबे कुठले पुरायला! मालडब्यांतूनही माणसे बसत. दुसरा विस्तार बाजाराच्या दिशेने झाला: बार्शीहून पुढे येडशीजवळ रामलिंगचा घाट चढून, तडवळे मार्गे, १९११ मध्ये लातूर. लातूरच्या आडत बाजाराला त्यामुळे मुंबईची वाट मिळाली, पण कुर्डुवाडीला प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढवावे लागे. अरुंद मापाची बचत अशी तिथल्या फलाटावर थोडीफार परत जाई. शेवटचा टप्पा पंढरपूर–मिरज. सांगोला, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून जाणारा हा मार्ग १९२७ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

ब्रिटिश जिल्हा, निजामाचे राज्य आणि दक्षिणी संस्थाने अशा तीन अमलांतून एक खासगी कंपनी गाडी चालवत होती. १९५४ च्या आरंभी सरकारने ती विकत घेऊन भारतीय रेल्वेत सामील केली. १९७१ मध्ये पुणे–मिरज मार्ग रुंदमापी झाल्यावर मिरज जंक्शनात रुंद, मीटर आणि अरुंद अशी तिन्ही मापे एकत्र दिसू लागली. असे दृश्य देशात विरळाच.

रुंदीकरण तुकड्यातुकड्यांनी झाले: आधी कुर्डुवाडी–पंढरपूर, २००७–०८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी आणि शेवटी पंढरपूर–मिरज. लातूरकडचा मार्ग वळवून उस्मानाबाद (धाराशिव) शहरावरून नेण्यात आला. जुन्या कंपनीने त्या जिल्ह्याच्या ठिकाणाला टाळले होते. एप्रिल २०१६ च्या टंचाईत मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी याच मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर वाटेने गेली. पहिल्या खेपेला १० टाकीडब्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोचले. अडीच फुटी रुळांवर असे रुंदमापी टाकीडबे धावूच शकले नसते.

कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना अजून चालू आहे. तेथे आता नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीची देखभाल-दुरुस्ती होते. त्या डोंगरी रेल्वेचा सल्लागार अभियंताही कॅलथ्रॉपच होता.