तीन टक्के, पण कशाचे?

दिव्यांगांच्या नोकऱ्यांचा विषय निघाला की बोलणे अनुशेषावर, म्हणजे राखीव असूनही न भरलेल्या जागांवर येते आणि तिथून लगेच चालू भरतीवर. पण हा अनुशेष मोजायचा कसा, याच वादात अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा झाल्यानंतरची सतरा वर्षे गेली. आजची बरीचशी गुंतागुंत तिथूनच आलेली आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला वसतिगृह निघाले. १९५० मध्ये तिथेच प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. पुनर्वसन म्हणजे हातकामाचे शिक्षण, असाच तेव्हाचा समज होता. १९५९ मध्ये मुंबईत अपंगांसाठीचे पहिले विशेष सेवायोजन कार्यालय, म्हणजे नोकरीसाठी नावनोंदणीचे सरकारी कार्यालय, सुरू झाले. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना कळवण्याची सक्ती करणारा कायदाही त्याच वर्षीचा. सक्ती होती ती कळवण्याची, तिथून आलेला उमेदवार घेण्याची नव्हे. त्यामुळे कार्ड काढायचे, वेळेवर नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट बघायची, एवढेच अनेकांच्या वाट्याला आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर भरती न करता जाहिरातही द्यावी, असे सांगितले आणि या कार्यालयांचे उरलेसुरले महत्त्व ओसरले.

केंद्र सरकारने १९७७ मध्ये अपंगांसाठी ३ टक्के आरक्षण आणले, तेही आदेशाने आणि फक्त गट क आणि गट ड च्या पदांसाठी. अंध माणूस फार तर खालच्या पदावर काम करील, ही समजूत त्या आदेशातच बसलेली होती. वरच्या सेवांच्या परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देता येण्यासाठी न्यायालयातून १९९३ चा निकाल मिळवावा लागला.

मग १९९५ चा कायदा आला. किमान ३ टक्के जागा, त्यात दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी १ टक्का. खरी मेख शेजारशेजारच्या दोन कलमांत होती. कलम ३२ म्हणते, अपंगांना करता येतील अशी पदे सरकारने सुनिश्चित करावीत. कलम ३३ आरक्षणाचे. मग ३ टक्के सगळ्या रिक्त जागांचे, की सुनिश्चित पदांवरच्या रिक्त जागांचे?

फरक किरकोळ नाही. भरायच्या १,००० जागांपैकी सुनिश्चित पदांवरच्या २०० असतील, तर पहिल्या हिशेबाने ३० जागा राखीव होतात, दुसऱ्याने ६. डिसेंबर २००५ च्या केंद्राच्या कार्यालयीन ज्ञापनाने यावर अजब तोडगा काढला: क आणि ड गटात एकूण जागांवर मोजा, अ आणि ब गटात फक्त सुनिश्चित पदांवर. कायद्यात असा भेद कुठेच नव्हता. म्हणजे जिथे पगार आणि अधिकार जास्त, तिथे हिशेबाचा पाया लहान. आणि पदे सुनिश्चित कोण करणार? सरकारच. यादी लांबणीवर पडली की आरक्षणही लांबणीवर पडले. हे सगळे प्रशासकीय सोयीसाठी झाले असे म्हणणारे आहेत; पण ती सोय दरवेळी एकाच बाजूला झुकत होती.

आरक्षण सुनिश्चित पदांशी बांधणारा हा धागा न्यायालयात दोनदा तुटला. नागरी सेवा परीक्षेतल्या एका अंध उमेदवाराच्या प्रकरणात, पदे सुनिश्चित झाली नव्हती म्हणून आरक्षण लागू नव्हते, ही सबब २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली; आरक्षणाचा हक्क हा कायदा अमलात आला तेव्हापासूनच, म्हणजे १९९६ पासून आहे, असे ठरले. अंधांच्या एका संघटनेने चालवलेल्या दुसऱ्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०१३ ला निकाल लागला: चारही गटांत मोजणी एकसारखी, संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर.

२०१६ च्या कायद्याने टक्केवारी ४ केली. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्या वाट्याला आला. कायद्यातल्या अपंगत्वांची संख्या २१ झाली. मात्र आरक्षणाच्या कलमात संवर्गातल्या एकूण रिक्त जागांबरोबरच ‘लक्षणीय दिव्यांगांमधून (किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांमधून) भरण्यासाठी असलेली पदे’ अशा अर्थाचे शब्दही आले. जुना वाद उकरून काढायला एवढे पुरेसे आहे. सूट देण्याची तरतूदही राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय पोलीस सेवेसारख्या सेवा आरक्षणातून वगळल्या गेल्या. उलट मार्च २०२५ मध्ये, केवळ दृष्टी नाही म्हणून न्यायिक सेवेची दारे बंद करता येणार नाहीत, असा निकाल आला.

नोकरी न मिळालेल्यांसाठी राहते ते मासिक अनुदान. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. गावाकडे तिला सरळ ‘निराधारचा पगार’ म्हणतात. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन त्यामानाने फारच अलीकडचे, २००९ चे. नोकरीच्या आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्व पुरते. या निवृत्तिवेतनाला ८० टक्के लागते, शिवाय दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब. ६० टक्के अपंगत्व असलेल्या बेरोजगाराला ते मिळतच नाही, मग घर कितीही गरीब असो. केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये, विधवांच्या निवृत्तिवेतनाइतकाच. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते, की अशा योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी.