अडीच लिटर ऑइल आणि एक जाळी

फोक्सवॅगनने दोन कोटींहून जास्त बीटल गाड्या बनवल्या. त्यांतल्या बहुतेक सगळ्यांच्या इंजिनात ऑइल फिल्टर नावाची वस्तूच नव्हती. इंजिनाच्या तळाला अडीच लिटर ऑइल आणि त्यात बुडालेली तारेची एक गोल जाळी, एवढीच व्यवस्था. पंप त्या जाळीतून ऑइल ओढणार, बेअरिंगांना पाजणार आणि ते पुन्हा ठिबकत तळाला येणार. दर ५००० किलोमीटरला ऑइल बदला, जाळी धुवा, की झालं. यात मागासलेपण काही नाही. आपल्याकडे गावोगाव पळणाऱ्या हिरो होंडा स्प्लेंडरमध्येही कागदी फिल्टर नाही. तिथेही जाळीच आहे, आणि जोडीला ऑइल गरगर फिरवून त्यातला गाळ बाजूला टाकणारा एक भाग.

हेच बीटलचं इंजिन लोकांनी विमानाला बसवलं. ते हवेने थंड होतं, त्यामुळे रेडिएटर नको, पाणी नको. चार सिलिंडर समोरासमोर आडवे, म्हणजे विमानाच्या नाकात बसायला सोयीचे. शिवाय विमानाच्या इंजिनाच्या मानाने किंमत नगण्य. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये रॉजे द्रुईन यांनी ‘टर्ब्युलंट’ हे एकआसनी विमान या इंजिनाभोवती आखलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॉन मॉनेट यांचं ‘सोनेराय’ आणि केन रँड यांचं ‘केआर’ आलं, आणि गॅरेजात विमान बांधणाऱ्यांची रांगच लागली. मराठी वाचकाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतील. त्यांना भारतात नोंदणी मिळवायला किती खेटे घालावे लागले तेही आठवेल. अमेरिकेत नियम सुटसुटीत आहे: निम्म्याहून जास्त काम स्वतः केलेलं असेल, तर ते विमान हौशी बांधणीचं म्हणून नोंदवता येतं आणि त्याची देखभालही मालकाने स्वतः केली तरी चालते. म्हणजे जाळी काढायला पाना घेऊन इंजिनाखाली तोच बसतो.

गाडीतली पाच हजार किलोमीटरची मुदत विमानात चालत नाही. बीटल रस्त्यावर धावते तेव्हा क्वचितच पूर्ण ताकद लावते. विमानाचं इंजिन मात्र उड्डाणाच्या वेळी सगळी ताकद लावतं आणि नंतर तासन्‌तास तीन चतुर्थांश ताकदीवर राबतं. दुसरं कारण इंधन. पिस्टन इंजिनाच्या विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं असतं, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. नावात ‘लो लेड’ आहे, पण ते जुन्या इंधनाच्या तुलनेत. जळलेल्या शिशाचा बराचसा भाग धुरावाटे जातो, आणि थोडा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरून ऑइलमध्ये राखाडी गाळ करतो. तिसरं कारण पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात असतं म्हणून जाणवत नाही, पण त्यातलं थोडं रिंगांवरून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, शिरतंच. इंजिन चांगलं तापून तासभर चाललं तर ते पाणी उडून जातं. दहा मिनिटं चक्कर मारून विमान परत झाकून ठेवलं, तर पाणी आतच राहतं आणि ज्वलनातल्या आम्लांच्या संगतीने पोलाद गंजवतं. म्हणून लायकमिंग या विमान-इंजिनांच्या कंपनीचा दंडक असा: फक्त जाळी असेल तर २५ तासांनी ऑइल बदलायचं, कागदी फिल्टर असेल तर ५० तासांनी, आणि तास भरले नसले तरी चार महिन्यांतून एकदा. बीटल इंजिनवालेही बहुधा हाच २५ तासांचा हिशेब धरतात.

मात्र ही जाळी ऑइल स्वच्छ करते असं समजू नये. तिची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, आणि आपला केसच साधारण ७० मायक्रॉनचा. बेअरिंग झिजवणारी बारीक घाण या जाळीतून, चहाच्या गाळणीतून साखर जावी तशी, आरामात जाते. जाळीत अडकतं ते फक्त मोठं काही. माझ्या मते तिचा खरा उपयोग तोच आहे. ती धुणं हे दुय्यम काम, धुण्याआधी ती पाहणं हे मुख्य. काही जण जाळी काढल्याकाढल्या रॉकेलमध्ये बुचकळतात आणि रॉकेल ओतून देतात. त्यांनी चकचकीत जाळी मिळवली आणि माहिती घालवली.

काम गरम इंजिनावर करायचं. दहा मिनिटं चालवलेलं इंजिन असेल तर ऑइल पातळ असतं आणि गाळ त्यात तरंगत असतो. मग तो ऑइलबरोबर बाहेर येतो. तळाच्या गोल प्लेटला सहा छोटे नट असतात, प्रत्येकाखाली तांब्याचा वॉशर. प्लेट निघाली की कागदी गॅस्केट, मग जाळी, मग दुसरं गॅस्केट. जाळी स्वच्छ भांड्यात नव्या सॉल्व्हंटमध्ये खळबळायची, ते पांढऱ्या फडक्यातून गाळायचं आणि फडकं उन्हात धरायचं.

काळे कण दिसले तर आधी बोटांत चुरडून पाहायचे. चुरडले तर तो कार्बन, जळलेल्या ऑइलची काजळी. चुरडले नाहीत तर लोहचुंबक फिरवायचं. जे चिकटेल ते लोखंड किंवा पोलाद: सिलिंडर, रिंगा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे), गिअर यांपैकी कुठलं तरी. पिवळसर आणि चुंबकाला न जुमानणारे कण पितळ-ब्राँझचे, बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडचे किंवा एखाद्या बुशचे. रुपेरी आणि चुंबकाला न लागणारे कण मात्र घोटाळा करतात, कारण ते तीन धातूंपैकी कुठलेही असू शकतात. इथे थोडं रसायनशास्त्र कामाला येतं. कण तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला लावला आणि वितळून पसरला, तर तो बेअरिंगवरचा कथिल-शिशाचा मऊ थर. नाही वितळला, तर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकायचा (डोळ्यांना चष्मा लावून). बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. सोड्यात ढिम्म राहिला आणि व्हिनेगरमध्ये फसफसला, तर मॅग्नेशियम. बीटलचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, तेव्हा ते आतून कुठे तरी घासलं जातंय.

कणाच्या धातूइतकाच त्याचा आकार महत्त्वाचा. रोजच्या झिजेचा चुरा इतका बारीक असतो की ऑइलला फक्त चमक येते. लेथवर पडतो तसा वळलेला कीस दिसला तर एक भाग दुसऱ्याला कापतोय. चपटे पापुद्रे दिसले तर पृष्ठभाग थकलाय: वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पोलादाच्या आत भेगा पडून त्याचे टवके निघायला लागलेत. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे कॅमचा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून जातं, गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या उड्डाणांत त्याच ठिपक्यांपासून टवके उडतात. बीटलमध्ये कॅमशाफ्ट खाली आहे, त्यामुळे हा त्रास बराच कमी.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात कुठला धातू किती, हे दशलक्षांशात मोजून घेता येतं, आणि अनेक जण घेतात. पण त्या चाचणीला साधारण दहा मायक्रॉनपेक्षा लहान कणच नीट दिसतात. पापुद्रे पडणाऱ्या इंजिनाचा अहवालही निर्दोष येऊ शकतो, कारण मोठे तुकडे बाटलीत गेलेच नाहीत, जाळीत अडकले. अहवाल हाती आहे म्हणून जाळी न काढणाऱ्याचा तर्क इथेच फसतो.

नव्या इंजिनात सुरुवातीच्या तासांत थोडा चुरा येतोच, रिंगा सिलिंडरशी जुळवून घेत असतात. पुढच्या खेपांना तो कमी कमी होत गेला पाहिजे. म्हणून काही जण प्रत्येक खेपेचे कण पारदर्शक चिकटपट्टीखाली वहीत चिकटवून शेजारी तास लिहितात. सुटा नमुना फार सांगत नाही, ओळीने चार पानं पाहिली की कल कळतो.

हौशी बांधणीच्या विमानात आणखी एक पाहुणा जाळीत सापडतो: सिलिकॉनच्या रबरी शेवया. गळतीच्या भीतीने जोडाला सढळ हाताने सीलंट फासलेलं असतं. बाहेर आलेलं दिसतं, पुसलं जातं. आत दाबलं गेलेलं सुटून ऑइलबरोबर फिरतं आणि थेट पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतं.

परत बसवणं मला काढण्यापेक्षा जोखमीचं वाटतं. ऑइल ओढणारी नळी जाळीच्या मधल्या भोकात घट्ट बसली पाहिजे, नाही तर ऑइल जाळीला वळसा घालून बाजूच्या फटीने जाईल. दोन्ही गॅस्केट नवे हवेत. नट जेमतेम ७ न्यूटन-मीटरने आवळायचे, म्हणजे छोट्या पान्याने, मनगटाच्या जोरावर. त्यांचे स्टड (नट ज्यावर चढतात ते आटेदार दांडे) मऊ मॅग्नेशियममध्ये रुतलेले असतात. जास्त जोर लावला की आटे जातात, नाही तर प्लेट वाकते आणि नेमकी त्यामुळेच गळते. मग आणखी आवळलं की आणखी गळते. अडीच लिटरमधलं एक लिटर हवेत गेलं तर उरतं किती? आणि याच ऑइलवर इंजिन थंड ठेवण्याचाही भार आहे.

ऑइल भरल्यावर इंजिन जमिनीवरच सुरू करायचं. अर्ध्या मिनिटात ऑइलच्या दाबाचा काटा हलला नाही तर लगेच बंद. हलला तर काही मिनिटं चालवून, बंद करून प्लेटखाली बोट फिरवायचं. इंजिन निवल्यावर सहाही नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासायचे, कारण नवं गॅस्केट गरम झाल्यावर थोडं दबतं.