भाज्यांचं ताट, माशाचं पाणी : क्योटोच्या जेवणामागचा इतिहास

क्योटोच्या अरुंद गल्ल्यांत जुन्या लाकडी घरांच्या पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं मावतील एवढी रेस्टॉरंट्स असतात. काउंटरवर मोठमोठ्या वाडग्यांत शिजवलेला भोपळा, मुळा, वांगी, हिजिकी हे काळं समुद्रशेवाळ आणि तळलेल्या तोफूचे तुकडे घातलेली पालेभाजी मांडलेली असते. बाहेर पाटी असते ‘ओबान्झाई’, म्हणजे रोजचं साधं घरगुती जेवण. परदेशी पाहुणा याला जपानी शाकाहार समजतो. ताटात मासा दिसत नाही, त्यामुळे ही चूक साहजिक आहे. या ताटात मठाचा स्वयंपाक, व्यापारी घरातली काटकसर आणि अलीकडची आरोग्यमोहीम असे तीन प्रवाह मिसळले आहेत. त्यांतला फरक ताटात दिसत नाही, तो शोधायचा तर ‘दाशी’च्या भांड्यात डोकवावं लागतं. दाशी म्हणजे ज्या पाण्यात भाजी शिजते ते चवदार पाणी.

सुरुवात बंदीपासून आहे. 675 साली सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली, तीही चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंतच. आपल्याला चातुर्मास आठवेल, पण इथे बौद्ध धर्माइतकाच शेतीचा हंगामही होता : बैल-घोडे कामाला हवे होते. हरीण आणि रानडुक्कर या यादीत नव्हते, आणि मासा तर नव्हताच. पुढे बाराशे वर्षं जनावराचं मांस कमी-अधिक निषिद्ध राहिलं, मासा मात्र चालत राहिला. आजचा सगळा गोंधळ तिथून आहे.

मासाही वगळणारा स्वयंपाक मठांत वाढला. त्याचं नाव ‘शोजिन र्‍योरी’. शोजिन हे संस्कृत ‘वीर्य’ या बौद्ध संज्ञेचं भाषांतर, म्हणजे साधनेतला नेटाचा प्रयत्न. मराठीत त्या शब्दाचं पुढे काय झालं ते सोडून देऊ. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही इथे वर्ज्य.

या स्वयंपाकाला प्रतिष्ठा दिली ती दोगेन (1200–1253) या झेन भिक्षूने. 1223 साली तो चीनला गेला. बंदरात जहाजावर असतानाच एका मठाचा म्हातारा आचारी मश्रूम विकत घ्यायला आला. या वयात ध्यान-ग्रंथ सोडून स्वयंपाक कशाला, असं दोगेनने विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही. परतल्यावर 1237 मध्ये दोगेनने मठातल्या मुख्य आचाऱ्यासाठी, म्हणजे ‘तेन्झो’साठी, सूचना लिहिल्या. त्या अगदी हातातल्या कामाच्या आहेत : तांदूळ स्वतः धू, तांदूळ बघताना खडा बघ, खडा टाकताना तांदूळ बघ, एक दाणाही वाया जाऊ देऊ नको. तिखट, आंबट, गोड, खारट, कडू या पाच चवींत त्याने सहावी धरली ती ‘सौम्य’, म्हणजे जिन्नसाची स्वतःची चव झाकू न देणारी. 1244 मध्ये त्याने आजच्या फुकुइ प्रांतात स्थापलेल्या मठात, एइहेइजीमध्ये, तेन्झोचं पद अजून मानाचं आहे.

आता दाशी. क्योटो समुद्रापासून दूर आणि चांगलं कोम्बू, म्हणजे जाड पट्ट्यांचं समुद्रशेवाळ, येतं थेट उत्तरेच्या होक्काइदोहून. जहाजं ते जपान समुद्राच्या किनाऱ्याने त्सुरुगा आणि ओबामा या बंदरांत उतरवत, तिथून माल डोंगर आणि बिवा सरोवर ओलांडून क्योटोत येई. इथल्या आचाऱ्यांची पसंती रिशिरी बेटाच्या कोम्बूला, कारण त्याचं पाणी स्वच्छ उतरतं. प्रमाण साधं आहे : 1 लिटर पाण्याला 10 ते 15 ग्रॅम कोम्बू. पट्टी ओल्या फडक्याने हलकी पुसायची, धुवायची नाही. वरची पांढरी भुकटी बुरशी नसून मॅनिटॉल ही नैसर्गिक साखर असते. पाणी 60 अंश सेल्सिअसवर तासभर धरायचं, किंवा रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायचं. उकळलं की पट्टीतला बुळबुळीतपणा आणि उग्र वास पाण्यात उतरतो, आणि तो मग काढता येत नाही. क्योटोचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आहे, हेही कारण महत्त्वाचं. क्षारांच्या पाण्यात कोम्बूची चव नीट उतरत नाही, म्हणून बोअरच्या पाण्यावर प्रयोग करणाऱ्यांनी क्षार काढलेलं (आरओचं) पाणी घ्यावं.

मठातल्या दाशीत कोम्बूच्या जोडीला सुके शिताके मश्रूम येतात, लिटरला साधारण 20 ग्रॅम. तेही थंड पाण्यात रात्रभर भिजवावे लागतात. गरम पाण्यात तासाभरात मऊ होतात खरे, पण चव उणी राहते. घरातल्या आणि रेस्टॉरंटमधल्या दाशीत मात्र शिताकेच्या जागी येतं कात्सुओबुशी : कात्सुओ हा ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवून त्याचे काढलेले पातळ कीस. तो किसही पाण्यात फार वेळ ठेवत नाहीत. गाळून टाकतात. त्यामुळे पाणी बिनमाशाचं दिसतं.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी का पोचतात, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितलं. 1908 मध्ये इकेदा किकुनाए यांनी कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते चूर्ण बाजारात आलं. आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवर पोचलेलं ‘अजिनोमोटो’ ते हेच. 1913 मध्ये कात्सुओबुशीतलं इनोसिनेट सापडलं, 1957 मध्ये शिताकेतलं ग्वानिलेट. ग्लुटामेट या दोन्हींपैकी कोणाशीही जोडलं की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. भिक्षूंनी मासा वगळूनही तीच जोडी साधली होती.

ओबान्झाईचा उगम मात्र मठात नाही. रोजच्या साध्या कालवणाला ‘बान्झाई’ म्हणणारं पाककृतींचं एक पुस्तक 1849 चं आहे. क्योटोच्या व्यापारी घरांत मालकापासून पोऱ्यांपर्यंत सगळे एका स्वयंपाकघरावर जेवत. खर्च आवरायला आणि रोज काय करायचं ही कटकट टाळायला काही दिवसांचं जेवण ठरलेलं असे. 8 आकडा येणाऱ्या तारखांना आरामे हे समुद्रशेवाळ, महिनाअखेरीला ‘ओकारा’. मराठी कानाला हा शब्द बरा लागत नाही, पण तो तोफू करून उरलेला सोयाबीनचा चोथा आहे, आणि गाजर-मश्रूम घालून परतला की चांगला लागतो. भाज्या भरपूर असत त्या स्वस्त म्हणून. आणि चवीला मासा असेच : वांग्याबरोबर सुकी हेरिंग, एबी-इमो या अळकुड्यांबरोबर सुका कॉड. सुकटीने भाजीला चव आणायची युक्ती कोकणात कोणाला समजावून सांगायला नको.

गंमत अशी की ‘ओबान्झाई’ हा शब्द खुद्द क्योटोत फारसा तोंडी नव्हता. लोक ‘ओकाझु’, म्हणजे नुसतं ‘तोंडीलावणं’, म्हणत. 1964 मध्ये ‘आसाही शिंबुन’ या दैनिकाच्या क्योटो आवृत्तीत लेखिका ओमुरा शिगे आणि त्यांच्या दोन मैत्रिणींनी ‘ओबान्झाई’ नावाचं सदर लिहिलं, आणि तिथून तो रूढ झाला. पाटीवरचा ‘प्राचीन’ शब्द खऱ्या अर्थाने साठीतलाच आहे.

भाज्यांचंही थोडं तसंच. 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्रांताने ‘पारंपरिक क्योटो भाजी’ची व्याख्या केली : मेइजी काळाआधीपासून, म्हणजे 1868 पूर्वीपासून, इथे पिकणारी. कामोची गोल, जड वांगी, शोगोइनचा वाटोळा मुळा, कुजोची कांद्याची पात त्यात बसतात. मांगानजी मिरची विसाव्या शतकातली असल्याने नियमात अडली, तेव्हा तिच्यासाठी ‘पारंपरिकसम’ असा वेगळा वर्ग काढला.

‘आरोग्यदायी’ हा थर सगळ्यांत नवा. 2000 मध्ये सुरू झालेल्या ‘निरोगी जपान 21’ या सरकारी मोहिमेने प्रौढांसाठी रोज 350 ग्रॅम भाज्यांचं लक्ष्य ठेवलं. 2019 च्या पाहणीत सरासरी भरली सुमारे 280 ग्रॅम. मेनूवर ‘या ताटात इतके ग्रॅम भाज्या’ असं लिहिलेलंही दिसतं. मिठाबद्दल मेनू गप्प असतो. त्याच पाहणीत रोजचं मीठ सरासरी 10 ग्रॅमच्या आसपास होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या 5 ग्रॅमच्या दुप्पट. वाटीभर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) सूपमध्ये सव्वा ते दीड ग्रॅम मीठ जातं, जुन्या पद्धतीच्या एका उमेबोशीत, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाच्या लोणच्यात, दोनच्या जवळपास. भाज्या खाव्यात, लोणचं आणि सूप दोन्ही संपवायची सक्ती नाही.

ठिकाण पारखायचं असेल तर ‘गोमा-दोफू’ मागवावा. नाव तोफूचं, पण त्यात सोयाबीन नाही : 50 ग्रॅम तिळाचं वाटण, 50 ग्रॅम कुद्झू कंदाचं सत्त्व, 450 मिलिलिटर कोम्बूचं पाणी. सत्त्व थंड पाण्यातच कालवून गाळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. घट्ट झाल्यावरही मंद आचेवर पंधरा मिनिटं तळापासून घोटत राहायचं. इथे कंटाळा केला की पिठूळ लागतो. फ्रिजमध्ये रात्रभर राहिला की पांढुरका आणि ताठ होतो, चमच्याने कापताना तुटतो. तसा आला तर तो कालचा.

पूर्ण शाकाहारी जेवणाऱ्यांनी ओबान्झाईच्या दुकानात ‘मासा नको’ म्हटलं तर वर भुरभुरलेला कीस काढला जाईल. भाजी शिजली ते पाणी तेच राहील, कारण दाशी सकाळीच झालेली असते. तेन्र्‍यूजी मंदिराच्या आवारातलं शिगेत्सु किंवा दाइतोकुजीच्या आवारातलं इझुसेन इथे शोजिन जेवण मिळतं. लहान दुकानात तसं हवं असेल तर निदान आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावं, म्हणजे शिताके रात्री भिजत पडतील.